पापड परदेशी जातो, लाटणारीचे नाव घरीच राहते



पेण आणि रोहा या भागांतल्या भगिनींकडून एक प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो. "आम्ही उन्हाळाभर पापड लाटतो, मिरगुंड घालतो, कुरडया पाडतो. पोह्यांच्या गिरणीवर मजुरीला जातो. आमच्या हातचा माल दुबईला आणि अमेरिकेला जातो म्हणतात. मग तो आम्हीच का पाठवू नये?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. अर्धवट माहितीवर उडी मारली तर बचत गटाची वर्षाची पुंजी समुद्रात जाईल. आणि 'हे आपले काम नव्हे' म्हणून गप्प बसलो तर पिढ्यान्पिढ्या किलोमागच्या मजुरीवरच राहू. म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ.

पेणची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक गणपतीच्या मूर्ती आणि दुसरी पोहे-पापड. मुंबई-गोवा महामार्गाने जाणारा माणूस पेणला थांबला की पातळ पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंड, फेण्या यांची पिशवी घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पेणच्या मूर्तीही गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी खोक्यांत भरून बोटीने परदेशी रवाना होतात. म्हणजे पेणच्या मालाला समुद्राची वाट नवी नाही. नवे एवढेच, की त्या वाटेवर आपण मजूर म्हणून न जाता धनी म्हणून जाऊ शकतो का, हे आता आपण विचारू लागलो आहोत.

बंदर आपल्याच जिल्ह्यात

न्हावा-शेवा बंदर आपल्या रायगड जिल्ह्यातच उरण तालुक्यात आहे. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. या पट्ट्याच्या विकासाची किंमत इथल्याच माणसांनी मोजली आहे, हे विसरून चालणार नाही. नवी मुंबई प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. ज्या जिल्ह्याने बंदरासाठी एवढे दिले, त्या जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईला त्या बंदराचा उपयोग कसा करायचा हे ठाऊक असायलाच हवे.

बोटीने माल पाठवणे स्वस्त का पडते? पूर्वी एकेक पोते हमालाच्या पाठीवरून बोटीत चढत असे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या वाहतूकदाराने ५८ लोखंडी पेट्या 'आयडियल एक्स' या बोटीवर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. जुन्या पद्धतीने माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई, तो या पद्धतीने सुमारे १६ सेंटवर आला. हाच आजचा कंटेनर. लहान कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. त्यात साधारण ३३ घनमीटर जागा मिळते. कारखान्यात पेटी भरून सील लावले की ती थेट परदेशातल्या गोदामात उघडायची.

ज्याचा माल पूर्ण कंटेनरभर आहे, तो स्वतंत्र कंटेनर घेतो. ज्याचा माल थोडा आहे, त्याची खोकी इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये भरतात. या दुसऱ्या प्रकाराला 'एलसीएल' म्हणतात. लहान उत्पादकाची सुरुवात बहुधा याच प्रकाराने होते.

प्रवासात पाकिटाचे काय होते?

आपण पापड उन्हात वाळवला, डब्यात भरला आणि माळ्यावर ठेवला की वर्षभर टिकतो. बोटीवर तसे होत नाही. लोखंडी पेटी भर उन्हात बंदरात उभी असते, तेव्हा आतले तापमान पन्नास अंशांच्याही वर जाऊ शकते. पुढे बोट थंड हवेच्या प्रदेशात शिरते. आतल्या हवेतली वाफ छताला गार लागते आणि थेंब होऊन खोक्यांवर पडते. बंद डब्यात गरम भात ठेवला की झाकणाला पाणी सुटते, तसाच हा प्रकार. बाहेर पावसाचा टिपूस नसतो आणि आत खोकी भिजतात.

म्हणून कोणता पदार्थ बोटीला योग्य, हे आधी ठरवले पाहिजे. पदार्थात बुरशीला आणि जंतूंना वापरता येईल असे पाणी शिल्लक नसेल, तर तो टिकतो. कडकडीत वाळलेली कुरडई, फेणी, मिरगुंड, पोहे, आमसूल हे पदार्थ या कसोटीला उतरतात. उडदाचा पापड लवचिक राहावा म्हणून त्यात थोडा ओलावा ठेवावाच लागतो. त्यामुळे कुरडईपेक्षा त्याला बुरशीचा धोका अधिक. चकली, चिवडा, शेव यांना बुरशी लागत नाही, पण उष्णतेने त्यांतले तेल खवट होते. महिना-दीड महिना तापलेल्या पेटीत राहिलेली चकली परदेशातल्या गिऱ्हाइकाने एकदा तोंडात घातली की तो दुसऱ्यांदा ते पाकीट विकत घेणार नाही. तेव्हा पहिल्या खेपेला न तळलेला, वाळवणाचाच माल निवडावा हे उत्तम.

पोह्यांचा शत्रू निराळा आहे. टोके, जाळी, अळ्या. गिरणीवर माल स्वच्छ दिसतो, पण अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. पेटीच्या उबेत ती फुटतात. परदेशातल्या तपासनिसाला एका खोक्यात जिवंत किडा सापडला, तर सगळा माल अडकू शकतो. म्हणून माल नीट चाळून, कोरडा करून, हवा आणि ओल आत जाऊ न देणाऱ्या जाड पाकिटांत भरावा लागतो. किराणा दुकानातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि मेणबत्तीवर चिकटवलेले तोंड इथे चालत नाही. बाहेरचे खोके पाच थरांच्या जाड पुठ्ठ्याचे हवे. पेटीत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. खोकी लाकडी फळ्यांवर रचायची असतील, तर ते लाकूड ५६ अंश तापमानाला ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले असावे लागते. नाहीतर लाकडातल्या किड्यामुळे पापडही अडतो.

टिकण्याचा काळ किती धरायचा? दुबईचे जेबेल अली बंदर काही दिवसांच्याच अंतरावर आहे. युरोप-अमेरिकेला मात्र आठवडेच्या आठवडे लागतात. शिवाय इथल्या गोदामात आणि तिथल्या तपासणीत जाणारे दिवस वेगळे. दुकानदाराला विकायला निम्म्याहून अधिक मुदत शिल्लक हवी असते. म्हणून ज्या पदार्थाची मुदत किमान नऊ-दहा महिने आहे आणि ती प्रयोगशाळेत तपासून ठरवलेली आहे, तोच पदार्थ अमेरिकेला पाठवण्याचा विचार करावा. 'आमच्या आईच्या वेळेपासून टिकतो' हे खरे असले, तरी तो कागद नव्हे.

समुद्रही नेहमी सरळ वागत नाही. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' ही बोट सुएझ कालव्यात आडवी अडकली आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले. अनेक कंपन्यांनी आपल्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून नेल्या आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. यावरून एकच शिकायचे. दिवाळीचा माल अमेरिकेत वेळेवर पोहोचायचा असेल, तर तो इथे गणपतीच्या आधीच बंदरात गेला पाहिजे.

पाकिटावरची अक्षरे

भगिनींनो, माल चांगला असूनही जो अडतो, तो बहुधा अक्षरांमुळे अडतो. अमेरिकेत पाकिटावर सर्व घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ग्रॅमबरोबर पौंड-औंसही द्यावे लागतात. पोषणमूल्यांचा तक्ता लागतो आणि माल कोणत्या देशाचा तेही लिहावे लागते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काहींच्या जिवावर बेतणारे घटक स्पष्ट सांगावे लागतात. गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन हे त्यांत येतात. १ जानेवारी २०२३ पासून त्यांत तिळाचीही भर पडली आहे.

आता आपल्या पापडाकडे पाहा. उडीद, मिरी, मीठ, पापडखार आणि हिंग. यात गहू कुठे आहे? हिंगात आहे. बाजारात मिळणारे बांधणीचे हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेले असते. डांगरात चिमूटभरच हिंग पडते, पण ज्याला गहू सोसत नाही त्याला ती चिमूटही पुरे. हिंगाच्या डबीवरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय पापडाच्या पाकिटावर घटक लिहू नयेत.

दुसरे उदाहरण अनारशाचे. अनारशावर खसखस लावल्याशिवाय आपल्याला तो अनारसा वाटत नाही. पण खसखस अफूच्या झाडाची म्हणून संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. दुबईतल्या भावासाठी मायेने बांधलेला अनारशाचा डबा त्याला अडचणीत आणू शकतो. आखाती देशांत अरबी भाषेतला मजकूरही लागतो, आणि तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख पाकिटावर नीट छापलेली लागते.

मसाल्यांच्या बाबतीत तर अधिकच जपले पाहिजे. जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड या वायूचा अंश आढळला म्हणून २०२० साली युरोपने भारतातून येणाऱ्या तिळाची तपासणी कडक केली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या नामवंत कंपन्यांच्या काही मसाल्यांवर याच कारणासाठी कारवाई केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचा माल अडतो, तर आपला अडणार नाही असे समजू नये.

सुक्या बोंबलाची गोष्ट आपल्या किनाऱ्याची म्हणून सांगतो. बोंबील उन्हात दांडीवर वाळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. १९९७ साली युरोपने त्याची आयात थांबवली. कारण मंजुरी मिळालेल्या कारखान्यातूनच मासळी आली पाहिजे, असा तिथला नियम होता आणि उघड्यावर वाळणारा बोंबील त्यात बसत नव्हता. इंग्लंडमधल्या बोंबीलप्रेमींनी आवाज उठवला, आपल्या उच्चायुक्तालयाने बोलणी केली. अखेर तोडगा निघाला, की बोंबील उन्हातच वाळू द्या, पण त्याची बांधणी मंजुरी असलेल्या जागेत करा. यात मोठा बोध आहे. आपली पद्धत सोडावी लागत नाही. पण शेवटचे काम, म्हणजे निवडणे, भरणे आणि सील करणे, हे स्वच्छ आणि नोंद असलेल्या जागेत व्हावे लागते. पापड घरोघरी लाटले, तरी पॅकिंगची एक खोली सगळ्यांची मिळून करता येते.

कागदपत्रे कोणती?

कागदांची भीती बाळगू नये. बाबासाहेबांच्या लेकरांनी कागदाला भिण्याचे कारण नाही. पहिला कागद म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना. २००६ च्या कायद्याखाली तो मिळतो आणि त्याचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. दुसरा, आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे 'आयईसी'. तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून घरबसल्या संगणकावर काढता येतो आणि त्याचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. कुणी यासाठी पाच-दहा हजार मागत असेल, तर तो पैसा कशाचा हे विचारावे. तिसरी, अपेडा या संस्थेची नोंदणी. तिच्या यादीत लोणची, पापड आणि चटण्या स्पष्टपणे येतात. मसाल्यांसाठी मात्र मसाला मंडळाकडे जावे लागते. चौथी गोष्ट बँकेची. ज्या बँकेत परदेशी पैसे येणार, तिचा क्रमांक बंदराच्या कस्टममध्ये नोंदवावा लागतो.

अमेरिकेला माल पाठवायचा तर तो जिथे तयार होतो, त्या जागेची नोंदणी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी लागते. दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिचे नूतनीकरण होते. ते प्रशासन या नोंदणीचे शुल्क घेत नाही. मात्र अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी नेमावा लागतो. शिवाय बोट बंदराला लागण्याच्या किमान आठ तास आधी मालाची पूर्वसूचना पोहोचलेली असावी लागते.

बंदरातले काम कस्टम ब्रोकर करतो. तो शिपिंग बिल भरतो. बोट कंपनी माल मिळाल्याचा जो दस्तऐवज देते, त्याला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. हा नुसता पावतीचा कागद नव्हे. ज्याच्या हाती मूळ बिल, त्याच्या ताब्यात माल. पैसे मिळण्याआधी हा कागद अनोळखी माणसाला देणे म्हणजे सातबारा देऊन टाकण्यासारखे आहे.

हिशोब पाटीवर मांडू

आता पैशाचे बोलू. एलसीएलमध्ये भाडे एक घनमीटर किंवा एक हजार किलो, यांत जे अधिक भरेल त्यावर घेतात. समजा, आपले खोके ५० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच आहे. अशी दहा खोकी म्हणजे बरोबर एक घनमीटर. पोहे फुगीर. एका खोक्यात समजा १२ किलो बसले, तर दहा खोक्यांत १२० किलो. भाडे मात्र पूर्ण एका घनमीटरचे, म्हणजे हजार किलोच्या मालाला पडेल तेवढेच. पापड एकावर एक दाबून बसतात. त्याच खोक्यात ते २५ किलो बसले, तर त्याच भाड्यात २५० किलो जातील. म्हणून बोटीच्या हिशोबात पोह्यापेक्षा पापड परवडतो.

भाड्याशिवाय काही खर्च ठरलेले असतात. कागदपत्रे, ब्रोकर, गोदाम, पेणहून न्हावा-शेव्यापर्यंतचा टेम्पो. माल थोडा असो वा फार, यातले बरेचसे खर्च फारसे बदलत नाहीत. नुसत्या हिशोबासाठी हा आकडा २० हजार रुपये धरू. १२० किलो पोह्यांवर तो वाटला, तर किलोमागे सुमारे १६७ रुपये पडतात. एवढ्या रुपयांत पेणला किती पोहे येतील ते तुम्हीच सांगा! पण वीस गटांनी प्रत्येकी दहा खोकी आणली, तर २०० खोकी होतील. २० घनमीटर, म्हणजे २,४०० किलो. एका लहान कंटेनरात ती सहज मावतील. तोच २० हजारांचा खर्च आता किलोमागे साडेआठ रुपयांच्याही आत येतो.

समुद्राचे गणित हे असे आहे. एकट्याला ते बुडवते, वीस जणींना तारते. पेणच्या एका गटाने आणि रोह्याच्या एका गटाने एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले, तर दोघी मजुरीवरच राहतील.

आणखी एक गोष्ट. जकात आणि नियम रातोरात बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा जकात लावली. त्याच महिन्याच्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली माफीही काढून घेतली. आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सले घेणे काही आठवडे थांबवावे लागले. ती सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून कालच्या दरावर आजचा सौदा करू नये. माल निघण्याच्या आठवड्यात ब्रोकरला दर विचारावा.

पैसे बुडू नयेत म्हणूनही व्यवस्था आहे. काही रक्कम आगाऊ घ्यावी. उरलेली बँकेमार्फत, कागदांच्या बदल्यात यावी. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तर भरपाई देणारी 'ईसीजीसी' ही सरकारी कंपनी १९५७ पासून मुंबईत आहे. वाटेतल्या नुकसानीसाठी सागरी विमा निराळा. आणि हे पक्के ध्यानात ठेवा. 'परदेशातून कोट्यवधींची ऑर्डर आली आहे, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे सांगत वस्तीत फिरणारा माणूस निर्यातदार नसतो. खरे गिऱ्हाईक नमुना मागते, दर मागते, प्रयोगशाळेचा दाखला मागते. ते आपल्याकडून पैसे मागत नाही.

नाव कुणाचे?

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा विषय मांडला, तिच्याकडे येतो.

आजही पापड परदेशी जातोच आहे. व्यापारी तो विकत घेतो, आपल्या पाकिटात भरतो आणि पाठवतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. जोखीम त्याची, भांडवल त्याचे, ओळखी त्याच्या. पण पाकिटावर लाटणारीचे नाव नसते आणि वाढलेल्या किमतीतला वाटाही तिला मिळत नाही. किलोमागे ठरलेली मजुरी घेतली की तिचा संबंध संपला.

आपल्या समाजाला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, म्हणून त्यांच्यावर लाठ्या चालल्या. आपल्या हातचे पाणी आणि आपल्या हातचे अन्न नको, असे म्हणणाऱ्या गावात खाद्यपदार्थांचा धंदा उभा करणे आपल्या आजी-आज्यांना शक्यच नव्हते. आज बंद पाकिटावरून हात कुणाचा हे कळत नाही. काहींना त्यात सुटका वाटते. पण हात लपवून मिळालेली बाजारपेठ ही अर्धीच बाजारपेठ आहे. पाकिटावर गटाचे नाव, गावाचे नाव, पत्ता ठळक छापलेला असावा आणि ते वाचून, चव आवडून माल खपावा, हे खरे यश.

हे होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीच आजची 'लिज्जत', श्री महिला गृह उद्योग. तिचे पापड आज परदेशातही विकले जातात आणि लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते. त्यांच्या यशाचे मर्म साधे आहे. डांगर एकाच ठिकाणी मळले जाते, लाटणे घरोघरी होते, माल परत आला की तपासून घेतला जातो. म्हणून चव एक आणि आकारही एक. परदेशी गिऱ्हाइकाला हेच हवे असते. पहिल्या पाकिटातला पापड आणि शंभराव्या पाकिटातला पापड सारखाच लागला पाहिजे.

रोह्याहून तळ्याच्या बाजूला गेले की मांदाडजवळ खाडीच्या अंगाला कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. सुट्टीत मुलांना जरूर दाखवा. या किनाऱ्यावरून त्या काळी दूरदूरचा व्यापार चाले. त्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, तांडे घेऊन जाणारा सार्थवाह आहे, भिक्षुणी आहेत. कष्टकऱ्याने आपले नाव दगडात कोरले आणि ते आज शेकडो वर्षांनी वाचता येते. आपल्याला दगड नको. पुठ्ठ्याच्या खोक्यावर नाव आले तरी पुरे.

पहिल्या वर्षी काय करावे?

पहिल्याच वर्षी कंटेनर भरायला धावू नये. तीन पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी. दोन-तीन पदार्थच निवडा. त्यांचे माप, घटक आणि चव कायम करा. अन्नसुरक्षेची नोंदणी घ्या, प्रयोगशाळेत मुदत तपासून घ्या, पाकिटावर गटाचे नाव छापा. आधी मुंबई-पुण्याच्या बाजारात हे पाकीट सहा महिने खपवून पाहा. जे दादर-ठाण्याला परत येते, ते दुबईला टिकणार नाही.

दुसरी पायरी. जो आधीच माल पाठवतो अशा निर्यातदाराला माल द्या, पण लेखी करार करून. करारात तीन गोष्टी हव्यात. पाकिटावर 'उत्पादक' म्हणून गटाचे नाव राहील, दर आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल, आणि माल परत आला तर नुकसान कुणी किती सोसायचे हे लिहिलेले असेल. करार वाचून सांगायला वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना बसवा. बारावी झालेली लेक एवढे नक्कीच करू शकते. या काळात बंदराचे कागद कसे चालतात, ते शेजारी बसून शिकून घ्या.

तिसरी पायरी. पाच-पंधरा गटांचा संघ करा, पॅकिंगची सामाईक खोली उभारा, आयईसी संघाच्या नावे काढा आणि मग आखाती देशांसारख्या जवळच्या बंदराला एलसीएलने पहिली खेप पाठवा. खेप एवढीच असावी, की ती सगळी बुडाली तरी कुणाच्या घरची चूल बंद पडू नये. चौकशीसाठी अलिबागचे जिल्हा उद्योग केंद्र आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. कोणती योजना चालू आहे आणि कोणती बंद झाली, हे तिथे समक्ष जाऊन, लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर घराकडे परतू नये.

घरातल्या पुरुषमंडळींनाही दोन शब्द. न्हावा-शेव्याच्या आसपास गोदामांत माल चढवण्या-उतरवण्याचे, ट्रक चालवण्याचे काम करणारे अनेकजण आपल्यात आहेत. कंटेनर कसा भरतात, खोकी कुठे फाटतात, कुणाचा माल कशामुळे परत येतो, हे त्यांना रोज दिसते. ती माहिती गोदामातच सोडून येऊ नका. संध्याकाळी घरी पोळपाट मांडलेला असतो, तिथे बसून ती सांगा. बाई लाटते आणि बाप्या लादतो. या दोघांच्या मधली कागदाची आणि हिशोबाची कामे मात्र आजवर तिसराच करत आला आहे. ती आपल्या मुलामुलींनी शिकून घेतली पाहिजेत.

आपल्या गटाने असा काही प्रयत्न केला असेल, तर त्याचा खरा जमाखर्च कळवा. तोटा झाला असला तरी कळवा. एकीचा तोटा दहा जणींना शहाणे करतो. पुढच्या वेळी पाकिटावरचा मजकूर कसा लिहावा, याचा एक नमुनाच या सदरात देऊ.

जयभीम. नमो बुद्धाय.